विश्लेषण : गृहकर्जाचे हप्ते थकले तर घर वाचवता येते का? सवलतीचा अर्ज कधी आणि कसा करायचा?

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ‘ताबा सूचना’ या मथळ्याच्या बारीक अक्षरांतल्या जाहिराती नेहमी दिसतात. कर्जदाराचे आणि सहकर्जदाराचे नाव, मागणी सूचनेची तारीख, थकबाकीची रक्कम आणि खाली सदनिकेचा क्रमांक, मजला, चतुःसीमा. बहुतेक वाचक पान उलटतात. ज्या कुटुंबाचे नाव तिथे छापले गेले, त्याला मात्र सगळी सोसायटी, सगळे नातेवाईक ते वाचत आहेत असे वाटत असते. पहिला हप्ता चुकल्यापासून अशी सूचना छापून येईपर्यंत कायद्याच्या हिशेबाने किमान पाच महिने जातात. त्या पाच महिन्यांत करता येण्यासारखे बरेच असते. पण बहुतांश कर्जदार बँकेत जातात ते सूचना हातात पडल्यावर. तोवर बँकेला सवलत देणे अवघड झालेले असते.

व्याजदर कमी झाले, मग अडचण कशाची?

रिझर्व्ह बँकेने रेपो दर मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवरून वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्क्यांवर नेला. अवघ्या नऊ महिन्यांत अडीच टक्के. २०२५ मध्ये दर कमी होऊ लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्क्यांवर आला. म्हणजे वाढलेल्या अडीच टक्क्यांपैकी निम्मा भार उतरला, निम्मा राहिला.

एक नमुना हिशेब पाहू. ३० लाख रुपयांचे कर्ज, मुदत २० वर्षे आणि व्याजदर ६.७५ टक्के असेल तर हप्ता साधारण २२,८०० रुपये येतो. दर ९.२५ टक्के झाला, तर त्याच कर्जाचा हप्ता सुमारे २७,५०० रुपये होतो. हप्ता जुनाच ठेवायचे ठरवले तर दुसरी अडचण. ९.२५ टक्क्यांनी ३० लाखांवरचे पहिल्या महिन्याचे व्याजच २३,१२५ रुपये होते. जुना हप्ता तेवढ्या व्याजालाही पुरत नाही, त्यामुळे हप्ता वेळेवर भरूनही कर्ज वाढत जाते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढले ते याच पार्श्वभूमीवर. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे ठरवण्याचा आणि बँकेच्या धोरणानुसार स्थिर दराकडे वळण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा, आणि मुदत वाढवताना मुद्दल फुगत जाणार नाही याची काळजी घ्यावी, असे त्यात सांगितले आहे.

पण व्याजदर हे हप्ता थकण्याचे एकच कारण नाही. नोकरी जाते, कंत्राट संपते, घरात मोठे आजारपण येते, दोन पगारांवर घेतलेले कर्ज एका पगारावर येते. अशा वेळी रेपोतील पाव टक्क्याची कपात उपयोगाची नसते. तिथे कर्जाच्या अटीच बदलून घ्याव्या लागतात.

हप्ता चुकल्यावर बँकेच्या दफ्तरी काय होते?

हप्त्याची तारीख उलटली की खाते थकबाकीत जाते. पहिले ३० दिवस ‘एसएमए-०’, ३१ ते ६० दिवस ‘एसएमए-१’ आणि ६१ ते ९० दिवस ‘एसएमए-२’ अशा खुणा खात्यावर पडतात. एसएमए म्हणजे ज्यावर विशेष लक्ष ठेवायचे असे खाते. ९० दिवसांपेक्षा जास्त काळ थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक, म्हणजे ‘एनपीए’ ठरते.

दिवस मोजले जातात ते सर्वात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून. म्हणून ९० दिवसांच्या आत एखादा जुना हप्ता भरला गेला, तर खाते एनपीएच्या रेषेपासून मागे येते. एकदा रेषा ओलांडली की तसे होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले, की एनपीए झालेले खाते पुन्हा नियमित व्हायला व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरावी लागते. ८५व्या दिवशी एका हप्त्याने जे साधते, त्यासाठी ९५व्या दिवशी तीन-चार हप्ते एकदम लागतात. शिवाय त्याच बँकेत तुमचे वाहनकर्ज असेल आणि त्याचे हप्ते वेळेवर जात असतील, तरी तेही एनपीए धरले जाते. कारण वर्गवारी कर्जदाराची होते, एकेका खात्याची नाही.

बँक सवलत द्यायला का कचरते?

‘सहा महिने अर्धा हप्ता घ्या, नंतर सगळे भरतो,’ ही मागणी कर्जदाराला साधी वाटते. शाखाधिकाऱ्याला ती तशी वाटत नाही, यामागे नियमांचे कारण आहे.

नियमित गृहकर्जासाठी बँकेला ०.२५ टक्के तरतूद करावी लागते. म्हणजे ३० लाखांच्या कर्जामागे ७,५०० रुपये बाजूला. आर्थिक अडचणीतील कर्जदाराला व्याज, मुदत किंवा हप्त्यात सवलत दिली, तर रिझर्व्ह बँकेच्या जून २०१९च्या चौकटीनुसार तिला ‘पुनर्रचना’ म्हणतात आणि असे खाते सर्वसाधारणपणे तिथेच एनपीएच्या पहिल्या वर्गात ढकलले जाते. त्या वर्गातील तारण कर्जासाठी तरतूद १५ टक्के. त्याच ३० लाखांमागे साडेचार लाख रुपये. थोडक्यात, खाते बुडण्याआधी सवलत दिली तरी बँकेच्या ताळेबंदाला ते बुडाल्यासारखेच भोवते. मग सवलत देण्याऐवजी वाट पाहणे आणि नंतर वसुली करणे, हा मार्ग तिला सोपा पडतो.

या नियमाला कारण आहे. पूर्वी पुनर्रचनेच्या नावाखाली बुडीत कर्जे वर्षानुवर्षे झाकून ठेवली गेली. ती झाकण्याची सोय बंद करणे गरजेचे होते. पण मोठ्या उद्योगांनी वापरलेली पळवाट बुजवताना खरोखर अडचणीत आलेल्या लहान गृहकर्जदाराची वाटही अरुंद झाली.

करोनाकाळात ही वाट काही महिन्यांसाठी रुंद करण्यात आली होती. आधी मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली. त्यानंतर ६ ऑगस्ट २०२० च्या योजनेत आणि ५ मे २०२१ च्या दुसऱ्या योजनेत खाते नियमित ठेवूनच मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येत होती. पण पहिल्या योजनेत एक अट होती. १ मार्च २०२० रोजी खाते ३० दिवसांपेक्षा जास्त थकलेले नसावे. ज्यांचे हप्ते आधीच दोन महिने चुकले होते, ते या सवलतीच्या बाहेर राहिले. सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने सर्वाधिक उदार व्हायचे ठरवले, त्या वेळीही उशिरा आलेल्याला दार बंदच होते.

मग अर्ज कधी करायचा?

पहिला हप्ता चुकण्याआधी. कंपनीने नोकरकपात जाहीर केली, डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली, भाडेकरू घर सोडून गेला, की त्या आठवड्यात बँकेत जायचे. यात संकोच आड येतो. ‘अजून दोन महिने बचतीतून निघतील, तोवर काही होईल’ असे वाटते. पण बचत शिल्लक असलेला आणि खाते स्वच्छ असलेला कर्जदार बँकेला वेगळा दिसतो. त्याच्यासाठी असे काही पर्याय असतात, ज्यांना ‘पुनर्रचना’ म्हणावे लागत नाही.

त्यातला पहिला व्याजदराचा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात. त्याआधीचे कर्ज अजून जुन्या पद्धतीच्या दरावर असेल, तर थोडे शुल्क भरून ते नव्या पद्धतीत नेता येते. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही, पण त्यांच्याकडेही शुल्क भरून दर कमी करून घेण्याची सोय अनेकदा असते. दुसरा पर्याय कर्ज कमी दराच्या बँकेकडे हलवण्याचा. ते खाते स्वच्छ असेपर्यंतच शक्य आहे, कारण थकलेले खाते दुसरी बँक घेत नाही. तिसरा पर्याय घर स्वतः विकण्याचा. तो मनाला लागतो, पण बँकेला कळवून केलेल्या खुल्या विक्रीत लिलावापेक्षा चांगली किंमत मिळण्याची शक्यता असते. मागणी सूचना आल्यावर तारण मालमत्ता बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता किंवा भाड्याने देता येत नाही, असे कायदाच सांगतो.

यातले काहीच जमत नसेल तर पुनर्रचनेची मागणी करावीच लागते. एनपीएचा शिक्का बसला, पतअहवालावर पुनर्रचनेची नोंद झाली, तरी घर जाण्यापेक्षा ते बरे.

अर्जात काय लिहायचे?

तोंडी विनंतीला अर्थ नाही. वसुली विभागातल्या माणसाने फोनवर ‘बघू’ म्हटले, तर ते आश्वासन धरू नये. अर्ज लेखी द्यावा, शाखेत पोच घ्यावी आणि त्याची प्रत बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवावी. निर्णय बहुतेक वेळा शाखेत होत नाही, प्रकरण वरच्या कार्यालयात जाते. म्हणून तुम्हाला कधी न भेटलेल्या माणसाला कागद वाचून समजेल, असे लिहावे.

अडचण काय आली आणि कधीपासून, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. सोबत पुरावा जोडावा : कामावरून कमी केल्याचे पत्र, पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचा खातेउतारा, रुग्णालयाची बिले. त्यानंतर घरखर्चाचा प्रामाणिक हिशेब मांडावा. उत्पन्न किती, किराणा, शाळा, औषधे, इतर कर्जे यांवर किती जाते आणि हप्त्यासाठी नेमके किती उरतात. शेवटी नेमकी मागणी असावी. ‘सहकार्य करावे’ एवढे लिहून काही होत नाही. ‘जुलैपासून सहा महिने फक्त व्याज भरेन, जानेवारीपासून १८,००० रुपयांचा हप्ता सुरू करेन, त्यासाठी मुदत पाच वर्षांनी वाढवावी’ असे लिहिले, तर अधिकाऱ्याला त्यावर टिपण लिहिता येते. न झेपणारा आकडा मात्र देऊ नये. सवलतीनंतरचा हप्ताही चुकला तर दुसऱ्यांदा विचारायला जागा राहत नाही.

मुदतवाढीची किंमतही आधी मोजावी. २५ लाख रुपये बाकी, १२ वर्षे शिल्लक आणि दर ९ टक्के असेल तर हप्ता साधारण २८,४५० रुपये. मुदत १८ वर्षे केली तर हप्ता २३,४०० च्या आसपास येतो. महिन्याला पाच हजार वाचतात, पण एकूण व्याज सुमारे साडेनऊ लाखांनी वाढते. म्हणून घडी बसल्यावर हप्ता पुन्हा वाढवण्याचा विचार पहिल्या दिवसापासून ठेवावा.

या काळात अर्धा हप्ता भरता येत असेल तर तो भरत राहावे. ‘हप्ते बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो’ असे सांगून आगाऊ फी मागणाऱ्यांपासून दूर राहावे. तारण असलेल्या कर्जात हप्ते बंद करणे म्हणजे घर लिलावाच्या दिशेने ढकलणे. तडजोडीने एकरकमी फेड हा हक्कही नाही. अशी योजना मागण्याचा अधिकार कर्जदाराला नाही आणि न्यायालय बँकेला तसा आदेश देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मागणी सूचना आली तर सगळे संपले का?

नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँकेला न्यायालयात दावा न लावता तारण घर ताब्यात घेता येते, पण त्याला पायऱ्या आहेत. खाते एनपीए झाल्यावर कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी सूचना येते. या ६० दिवसांत कर्जदार लेखी हरकत किंवा निवेदन देऊ शकतो आणि कलम १३(३ए) नुसार बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. हे कलम मूळ कायद्यात नव्हते. मर्डिया केमिकल्स प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्जदाराच्या म्हणण्याचा विचार व्हायला हवा असे सांगितले, त्यानंतर ते आले. आकडा चुकला असेल, भरलेले हप्ते धरलेले नसतील, दंडावर व्याज लावले असेल, तर ते इथेच मांडावे. १ एप्रिल २०२४ पासून दंड ‘शुल्क’ म्हणूनच आकारता येतो, त्यावर व्याज चढवता येत नाही. पुनर्रचनेचा प्रस्तावही या निवेदनात पुन्हा द्यावा. मात्र बँकेने तो फेटाळला, तर केवळ त्या नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही.

६० दिवसांनंतर बँक ताबा घेते. आधी दारावर सूचना लावून प्रतीकात्मक ताबा आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत प्रसिद्धी, त्यातले एक स्थानिक भाषेतले. सुरुवातीला उल्लेख केलेली जाहिरात ती हीच. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हादंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची मदत घेते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. या पहिल्या पायरीवर थकबाकीचा हिस्सा आधी जमा करण्याची अट नाही. वरच्या अपिलात ती आहे.

पूर्ण थकबाकी आणि खर्च भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती काटेकोरपणे लागू केली. ‘लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरू’ ही जुनी समजूत आता धोक्याची आहे. लिलावात येणे रकमेपेक्षा जास्त पैसे आले तर उरलेली रक्कम कर्जदाराची. कमी आले तर उरलेल्या थकबाकीसाठी बँक पुढेही मागे लागू शकते.

सहकारी बँकेलाही हा कायदा लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तसा निकाल दिला. पतसंस्थेचे कर्ज असेल तर मार्ग वेगळा : सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला आणि त्यावरून जप्ती.

वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, नातेवाइकांसमोर अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. ते मोडले किंवा अर्जाला उत्तरच मिळाले नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे तक्रार करता येते. सवलत का नाकारली, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. त्यात लोकपाल पडत नाही.

अमेरिकेत वेगळे काय आहे?

इंटरनेटवर याविषयी शोधले तर बरीचशी माहिती अमेरिकेची सापडते आणि एका शब्दाने गोंधळ होतो. आपल्याकडे ‘फोरक्लोजर’ म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून खाते बंद करणे. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ कर्ज थकल्यामुळे घर जप्त होणे असा आहे.

२००८ च्या संकटात तिथे लाखो घरे जप्त झाली. २००९ मध्ये सरकारने ‘हॅम्प’ ही योजना आणली. हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणण्यासाठी आधी व्याज कमी करायचे, मग मुदत ४० वर्षांपर्यंत वाढवायची, असा तिचा क्रम होता. ३० ते ४० लाख कुटुंबांना मदत करण्याचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी कुटुंबांची कर्जे कायमची बदलली. कागद हरवणे, तेच कागद पुन्हा मागणे, एका टेबलावर सवलतीचा अर्ज तपासला जात असताना दुसऱ्या टेबलावरून जप्ती पुढे सरकणे, या तक्रारी सर्वत्र होत्या. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०१४ पासून नियम आले. १२० दिवसांपेक्षा जास्त थकबाकी झाल्याशिवाय सर्वसाधारणपणे जप्तीची पहिली पायरी टाकता येत नाही. लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पूर्ण अर्ज आला, तर ३० दिवसांत त्याचा निकाल द्यावा लागतो आणि तोवर लिलाव थांबतो. सवलत द्यावीच लागते असे नाही, पण अर्ज वाचल्याशिवाय घर विकता येत नाही.

आपल्याकडे उणीव आहे ती इथे. निवेदनाला उत्तर देण्याचे बंधन आहे, पण ते खाते एनपीए झाल्यावर, मागणी सूचना निघाल्यावर. त्याआधी, म्हणजे सवलतीचा सर्वात जास्त उपयोग होईल त्या ९० दिवसांत, आलेला अर्ज ठरावीक मुदतीत तपासून कारणांसह निकाल देण्याचे असे बंधन नाही. खरी अडचण कागदोपत्री सिद्ध करणाऱ्या, राहत्या एकाच घराच्या कर्जदाराला एकदा सवलत दिली म्हणून खाते लगेच एनपीए धरायचे का, हाही प्रश्न आहे. करोनाकाळात रिझर्व्ह बँकेने तो काही महिन्यांसाठी सोडवला होता. म्हणजे कायमस्वरूपी मर्यादित सोय करता येणे अशक्य नाही.

तोपर्यंत कर्जदाराच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. हप्ता थकण्याआधी बँकेत गेले तर दर बदलणे, बँक बदलणे, मुदत वाढवणे, घर स्वतः विकणे, असे सगळे पर्याय खुले असतात. ९० दिवसांनी त्यातले निम्मे जातात, मागणी सूचनेनंतर एखाद-दुसरा उरतो आणि लिलावाची सूचना छापली गेली की घर सोडवण्याचा हक्कही जातो. म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता निघेल की नाही अशी शंका ज्या दिवशी आली, त्याच दिवशी अर्ज लिहायला बसावे.